शिलेखाना: रायगड ते ट्रॉम्बे

शिवकाळातल्या कारभाराचा विषय निघाला की बारा महाल आणि अठरा कारखाने यांची यादी हमखास पुढे येते. तोफखाना, पीलखाना, अंबरखाना, जामदारखाना, नगारखाना अशा नावांच्या रांगेत एक नाव शिलेखान्याचं असतं. राज्याची शस्त्रं आणि लढणाऱ्याच्या अंगावर चढणारी साधनं सांभाळणारं हे खातं. तलवारी, भाले, कट्यारी त्याच्या ताब्यात, तशाच ढाली, चिलखतं, बख्तरं, जिरेटोप आणि हाताचे दस्तानेही. रायगडावर येणारे लोक नगारखान्याची कमान पाहतात, बाजारपेठेच्या जोत्यांवरून चालतात, टकमकाच्या टोकाशी फोटो काढतात. शिलेखान्याची चौकशी सहसा कोणी करत नाही.

खरं तर महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांनी तरी ती करायला हवी. ज्या चिलखतामुळे मराठ्यांच्या इतिहासाची दिशा ठरली, त्याची कसोटी लागली ती जागा इथून घाट चढून गेल्यावर भेटते. ज्या ढालीच्या तुटण्यामुळे एक सुभेदार पडला, त्याची समाधी इथल्या उमरठला आहे. आणि ज्या राजधानीतून या खात्याचा कारभार चालला, तो रायगड महाड तालुक्यातच आहे.

या खात्याची साडेतीन शतकांची वाटचाल पाहिली तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. सगळ्यांपासून वाचवणारं कवच कधीच नव्हतं आणि आजही नाही. प्रत्येक कवच कुठल्या तरी ठरावीक हत्याराचा विचार करून बनतं. ते हत्यार कोणतं, त्यासाठी किती वजन अंगावर घ्यायचं, कवच अजून कामाचं आहे की नाही, हे ठरवणारं आणि तपासणारं खातं जागेवर असेल तरच लोखंडाचा किंवा कापडाचा उपयोग होतो.

जावळी ते प्रतापगड

1656च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांची जावळी घेतली, आणि त्याच वर्षी रायरीचा डोंगरही हाती आला. तोच पुढे रायगड झाला. कोकणातून देशावर जाणाऱ्या वाटांवर नजर ठेवण्यासाठी मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली भोरप्याच्या डोंगरावर प्रतापगड उभा राहिला. पोलादपुराहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वराकडे निघालं की हा गड लागतो. गडाच्या पायथ्याला पार गाव आहे.

10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट झाली. भेटीला निघताना महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घातला होता. सभासदाच्या बखरीत याची नोंद आहे, आणि 1826 साली छापलेल्या आपल्या इतिहासात ग्रँट डफही तेच सांगतो. हा प्रसंग संस्कृत काव्यात आणणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरातच दाखवतात. खानाने महाराजांची मान काखेत आवळून कुशीत वार केला. पातं चिलखतावरून खरखरत गेलं, अंगात शिरलं नाही. पुढे वाघनखं आणि बिचव्याने काय केलं ते महाराष्ट्रातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. ग्रँट डफच्या वर्णनात खानाच्या अंगावर तलम कापडाचा अंगरखा होता. एकाच मिठीत एक अंग झाकलेलं होतं आणि दुसरं उघडं.

या चिलखताची घडण जवळून पाहण्यासारखी आहे. लोखंडाची तार एका सळीभोवती गुंडाळायची, ती लांबीतून कापायची, म्हणजे सुट्या कड्या पडतात. प्रत्येक कडीची दोन्ही टोकं ठोकून चपटी करायची, त्यांना बारीक भोक पाडायचं आणि त्या भोकात इवलीशी रिवेट बसवून कडी बंद करायची. अशी एक कडी शेजारच्या चार कड्यांत गुंतते. एका अंगरख्यात वीसतीस हजार कड्या सहज होतात, आणि सगळ्याचं वजन आठ ते बारा किलोच्या घरात जातं. कडीचं सगळं बळ त्या रिवेटीत असतं. रिवेट नसलेली, नुसती वाकवून टोकाला टोक भिडवलेली कडी ताण येताच उघडते. हल्ली नाटक-सिनेमासाठी बनवतात ती चिलखतं बहुधा या दुसऱ्या प्रकारची असतात.

चिलखत काय थांबवतं? तलवारीचा ओढून केलेला वार. पात्याची धार कड्यांवरून घसरते, मांस कापत नाही. तलवारीच्या चांगल्या फटक्यात साधारण शंभर ज्युलच्या आगेमागे ऊर्जा असते. एवढा दणका कड्या अडवतात, पण गिळत नाहीत. तो अंगापर्यंत पोचतो आणि हाड मोडू शकतो. म्हणून चिलखताखाली कापूस भरून शिवलेलं जाड वस्त्र लागतं. कडी धार थांबवते आणि कापूस दणका मुरवतो.

टोकदार हत्यारापुढे मात्र चिलखताची परीक्षा होते. सगळा जोर एका बिंदूवर आला की एकच कडी तो सोसते. तिची रिवेट उडाली की पातं आत घुसतं. हे हत्यार बनवणाऱ्यांनाही माहीत होतं. म्हणूनच हिंदुस्थानी कट्यारींची कित्येक टोकं मुद्दाम जाड आणि चौधारी केलेली दिसतात. ती कड्या फोडण्यासाठीच होती. मग प्रतापगडाखाली चिलखत टिकलं कसं? मिठीत हात मागे नेऊन जोर घ्यायला जागा नसते, आणि कुशीवर आलेलं पातं तिरकं बसतं. सरळ भोसकलं असतं तर निकाल वेगळा लागण्याची शक्यता होती. त्या दिवशीच्या सावधगिरीत चिलखताइतकाच अंतराचाही विचार होता. भेट किती माणसांनिशी, किती जवळून आणि कोणत्या जागी व्हायची, हे वकिलांच्या बोलाचालीत आधीच ठरवून घेतलं होतं.

राजधानीतलं खातं

6 जून 1674 रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला, आणि कारखान्यांच्या व्यवस्थेला राजधानीचं रूप आलं. याच काळात महाराजांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश तयार झाला, आणि त्यात शस्त्रांना स्वतंत्र वर्ग दिलेला आहे. राज्याच्या शब्दसंग्रहात हत्यारांची वर्गवारी लावावी असं वाटणं, यातून या खात्याकडे किती बारकाईने पाहिलं जात होतं ते कळतं.

महाडचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो, आणि गडावर चार महिने धुकं हटत नाही. अशा हवेत लोखंड उघडं ठेवलं तर काही दिवसांत गंजतं. कड्यांचं चिलखत तर अधिकच, कारण प्रत्येक कडी दुसरीला घासते आणि फटीत ओल धरून राहते. गंजलेली रिवेट वरून धड दिसते आणि वाराखाली तुटते. म्हणून शिलेखान्याचं खरं काम लढाईच्या दिवशी नसतं. ते पावसाळाभर चालतं. हत्यार कोरडं ठेवायचं, तेलाचा हात फिरवायचा, सुटलेल्या कड्या पुन्हा बांधायच्या, ढालीचा पट्टा बदलायचा.

या शिस्तीची साक्ष शेजारच्या खात्यातही मिळते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरच्या दारूखान्याबद्दल बारीक सूचना आहेत. दारू आणि बाण ठरावीक दिवसांनी बाहेर काढून उन्हं द्यावीत आणि पुन्हा मोहरबंद करून ठेवावं, असं त्यात सांगितलं आहे. सभासदही लष्कराबद्दल सांगतो की दसऱ्याला मोहिमेवर निघताना प्रत्येकाच्या वस्तूंची यादी करून ठेवत आणि परतल्यावर ती पडताळत. लूट लपवू नये हा त्यामागचा मुख्य हेतू होता. तरी कोण काय घेऊन गेला आणि काय घेऊन आला, हे कागदावर असण्याची सवय इथे दिसते. शिलेखाना याच सवयीवर चालतो.

अंगावर काय घ्यायचं याचा निर्णयही खात्याइतकाच लष्कराच्या चालीवर अवलंबून होता. आदिलशाही आणि मोगल सरदार चिलखतावर छाती, पाठ आणि दोन्ही कुशींना चार पोलादी पत्रे बांधत, त्याला चार आईना म्हणत. घोड्यालाही पाखर घालत. मराठ्यांचा बारगीर आणि शिलेदार मात्र हलका होता. घाटातून रातोरात उतरायचं, वार करून निघून जायचं, दिवसाला लांबचा पल्ला मारायचा, तर बारा किलो लोखंड परवडत नाही. अनेकांनी जाड शिवलेली बंडी, डोक्याला मुंडासं आणि हातात ढाल एवढ्यावर काम भागवलं. मुंडाशाचे पीळही डोक्यावरचा वार बऱ्यापैकी बोथट करतात. पट्ट्याची रचना तर त्याहून हुशारीची आहे. पट्ट्याच्या मुठीला कोपरापर्यंत येणारा लोखंडी खोबळा असतो. हत्यार चालवणारा हात त्याच हत्याराने झाकलेला, म्हणजे वेगळा दस्ताना वागवायला नको.

दोन वीर, दोन हत्यारं

महाड तालुक्यातल्या किंजळोलीचे मुरारबाजी देशपांडे 1665च्या मे महिन्यात पुरंदरावर पडले. मोगल सरदार दिलेरखानाच्या छावणीवर ते निवडक माणसांनिशी तुटून पडले होते, आणि सभासद सांगतो की खुद्द दिलेरखानाच्या बाणाने त्यांचा अंत झाला. हातघाईच्या माणसाला दुरून आलेलं हत्यार लागलं. शिंग, लाकूड आणि स्नायू एकत्र चिकटवून बनवलेलं मोगली धनुष्य जवळच्या अंतरावर अरुंद, टोकदार फाळाचा बाण असा मारतं की कड्याही त्याला पुरेशा अडवत नाहीत. बाणासाठी ढाल लागते, आणि ढालीला तो येताना दिसावा लागतो.

पाच वर्षांनी, 4 फेब्रुवारी 1670च्या रात्री, उमरठचे तानाजी मालुसरे कोंढाण्यावर मोगल किल्लेदार उदेभान राठोडाशी लढत होते. त्यांच्या डाव्या हातातली ढाल तुटली आणि दुसरी वेळेवर मिळाली नाही. मग त्यांनी कापड गुंडाळलेला डावा हातच पुढे करून वार झेलले, असं बखर सांगते. दोघेही वीर एकमेकांच्या वारांनी पडले. तानाजींचा देह मढे घाटाने खाली उमरठला आणला. आज पोलादपूर तालुक्यातल्या त्या समाधीवर माघात लोक जमतात.

त्या काळची ढाल हातात घेऊन पाहिली तर ती का तुटली असेल याचा अंदाज येतो. चांगली ढाल गेंड्याच्या किंवा रेड्याच्या कातड्याची, वरून लाखेचा चकचकीत लेप दिलेली. बाहेरच्या बाजूला पितळेच्या किंवा लोखंडाच्या चार फुल्या. त्या शोभेच्या वाटतात, पण प्रत्येकीच्या मागे एका कडीची रिवेट असते. आतल्या बाजूला त्याच कड्यांत दोन चामडी पट्टे अडकवलेले, आणि मूठ धरल्यावर बोटांची हाडं ढालीवर आपटू नयेत म्हणून मधे छोटी गादी. एका जागी वारंवार फटका बसला की आधी कड्या सैल होतात, पट्टा सुटतो, आणि मग धड असलेलं कातडंही निकामी होतं. ढाल बहुधा मागून तुटते.

म्हणून तानाजींच्या प्रसंगात पराक्रमाबरोबर खात्याचा हिशेबही मांडायला हवा. रात्रीच्या वेळी कडा चढून जाणाऱ्या तुकडीने प्रत्येकी दोन ढाली नेल्या नसत्याच. त्या रात्रीची निवड वेगाच्या बाजूने होती, आणि ती बरोबरच होती, कारण गड मिळाला. किंमत मात्र हाताने भरली. जिथे कवच संपतं तिथे माणसाचं अंगच ढाल होतं, आणि पुढे अनेकदा असंच झालं.

पडता काळ

1689च्या नोव्हेंबरात रायगड मोगलांकडे गेला. येसूबाई आणि बाल शाहू कैदेत पडले आणि राजधानीचे कारखाने मोडले. त्याच वर्षाची आणखी एक नोंद वेगळ्या प्रकारे जतन झाली. बिकानेरच्या राजा अनूपसिंहाने दक्षिणेत आदोनीला जी दख्खनी चिलखतं जिंकली, त्यांच्यावर ठिपक्यांनी अक्षरं कोरून ती कुठे आणि कधी मिळाली हे लिहून ठेवलं. ती चिलखतं आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत, आणि तीन शतकांनंतरही आपला पत्ता सांगतात. नोंद ठेवणाऱ्या शस्त्रागाराचा हा गुण आहे.

रायगड 1733 साली पुन्हा मराठ्यांकडे आला, पण तोवर लढाईच बदलत चालली होती. तोड्याच्या बंदुकीच्या जागी चकमकीची बंदूक आली, कवायती पलटणी आल्या. बंदुकीच्या शिशाच्या गोळीत दोन हजार ज्युलच्या वर ऊर्जा असते, म्हणजे तलवारीच्या फटक्याच्या वीसपट. ती अडवायला लागणारा पत्रा पायदळाच्या माणसाला पेलत नाही. कड्यांचं चिलखत तर उलट अपाय करतं, कारण फुटलेल्या कड्यांचे तुकडे गोळीबरोबर जखमेत जातात. चिलखत मानाच्या पोशाखात उरलं आणि लढणाऱ्याच्या अंगावरून उतरलं.

1818च्या एप्रिल-मेमध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने रायगडाला वेढा घातला आणि समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफगोळे टाकले. गडावरचे वाडे आगीत जळाले आणि 10 मेच्या सुमारास गड पडला. तोफेसमोर अंगावरच्या कवचाचा प्रश्नच उरला नव्हता. मग 1878च्या शस्त्र कायद्याने हत्यार बाळगणं परवान्याखाली आलं. शिलेखान्यातल्या वस्तू देवघरात, वाड्याच्या भिंतीवर आणि काचेच्या कपाटात गेल्या. साताऱ्याच्या संग्रहालयात 2024 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून उसनी आलेली वाघनखं पाहायला रांगा लागल्या. भेटीच्या दिवशी महाराजांचा जीव वाचवणाऱ्या चिलखताबद्दल इतकी विचारपूस क्वचितच होते. हल्ल्याचं हत्यार लक्षात राहतं, बचावाचं विसरलं जातं.

दोन महायुद्धांत कोकणातले तरुण पलटणींत गेले तेव्हा त्यांना डोक्याला पोलादी टोप मिळाला. 1915 साली युरोपच्या खंदकांत वरून पडणाऱ्या तुकड्यांनी डोकी फुटू लागली तेव्हा तो टोप बनवला गेला, आणि तो तेवढ्याचसाठी होता. समोरून आलेली रायफलची गोळी तो थांबवत नसे. महाडशेजारच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत मशिनगनच्या ठाण्यावर एकटे धावून गेले. तुकडीतले बाकीचे बहुतेक आधीच पडले होते. त्यांनी ठाणं मोकळं केलं आणि शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथेच प्राण सोडला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या छातीवर लष्करी शर्ट होता. त्या काळच्या पायदळाला छातीसाठी काहीच मिळत नसे.

पुन्हा उभारणी

या खात्याच्या दुसऱ्या आयुष्याची सुरुवात प्रयोगशाळेत झाली. 1965 साली अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीत स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी असा धागा शोधला, जो वजनाच्या मानाने पोलादापेक्षा पाचपट बळकट होता. तो केव्हलर. त्याच्या कापडाचे वीसतीस थर एकावर एक शिवले की पिस्तुलाची गोळी पहिल्या काही थरांत चपटी होते, आणि जाळ्यात अडकलेल्या माशाप्रमाणे तिची धडपड भोवतालच्या सगळ्या धाग्यांत पसरून विरते. 9 मिलिमीटर पिस्तुलाच्या गोळीत पाचशे ज्युलच्या आसपास ऊर्जा असते, एवढी अशी बंडी पेलते. गोळी थांबली तरी बंडी आत दबते. मागे मातीचा ठोकळा ठेवून हा खळगा मोजतात, आणि अमेरिकी मानकात तो 44 मिलिमीटरपेक्षा खोल चालत नाही. शिवकाळच्या कापसाच्या वस्त्राचं काम इथे मातीवर मोजलं जातं.

एके-47च्या गोळीपुढे कापड हरतं. तिची ऊर्जा दोन हजार ज्युलच्या घरात, आणि आत पोलादाचा गाभा. तिच्यासाठी कापडाच्या पुढे चिनीमातीसारख्या कठीण पदार्थाची पाटी लावतात. बोरॉन कार्बाइड हा त्यासाठीचा उत्तम पदार्थ आहे. हिरा आणि क्यूबिक बोरॉन नायट्राइड यांच्यानंतर कठीणपणात त्याचाच क्रम लागतो, आणि वजनाला तो पोलादाच्या एक तृतीयांश. गोळी पाटीवर आदळते, गोळीचं टोक चुरतं, पाटीलाही तडे जातात, आणि उरलेले तुकडे मागचे कापडाचे थर झेलतात. म्हणजे ही पाटी फुटण्यासाठीच असते. त्याच जागी दुसरी गोळी आली तर भरवसा नाही, म्हणून चाचणीत एकाच पाटीवर अनेक गोळ्या झाडून पाहतात.

महाराष्ट्राला हा सगळा विषय 26 नोव्हेंबर 2008च्या रात्री, मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला तेव्हा कळला. दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे छत्रपती शिवाजी टर्मिनसवर जाकीट आणि शिरस्त्राण घालताना लोकांनी टीव्हीवर पाहिले. त्यानंतर काही वेळातच कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांना मृत्यूने गाठलं. करकऱ्यांच्या जाकिटाच्या दर्जावर मोठा वाद झाला. गोळ्या जाकीट न झाकणाऱ्या भागात लागल्या की जाकीटच कमी पडलं, हा प्रश्न वर्षभर गाजला. आणि ज्याच्यावरून त्याचं उत्तर मिळालं असतं ते जाकीटच गहाळ झालं. त्यांच्या पत्नी कविता करकऱ्यांना माहितीच्या अधिकारात त्याचा माग काढावा लागला. बिकानेरच्या शस्त्रागाराने 1689 साली जे केलं होतं, ते एकविसाव्या शतकातल्या मुंबईला जमलं नाही.

त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोर अजमल कसाबच्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. अंगावर साधा गणवेश होता. गोळ्या पोटात घेत त्यांनी पकड सोडली नाही, म्हणून कसाब जिवंत सापडला. ओंबळे जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे. सह्याद्रीच्या या बाजूला उमरठ, त्या बाजूला केडंबे. दोन्ही गावांनी अंगाचीच ढाल करणारा माणूस दिला याचा अभिमान आहेच. पण शिलेखान्याच्या इतिहासात दोन्ही नोंदी एकाच रकान्यात येतात: कवच वेळेवर मिळालं नाही.

त्या धक्क्यानंतर कामाला वेग आला. 2009 साली राज्याने फोर्स वन हे कमांडो पथक उभारलं. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी बोरॉन कार्बाइडच्या पाट्या आणि कार्बन नॅनोट्यूब मिसळलेला बहुवारिक पदार्थ वापरून जाकीट घडवलं. त्याचं नाव भाभा कवच. तंत्रज्ञान हैदराबादच्या मिश्र धातु निगमला दिलं, आणि एके-47सह रायफलच्या गोळ्या थांबवणारं हे जाकीट सुमारे 9 किलोंत बसलं. 2018 साली संरक्षण मंत्रालयाने लष्करासाठी 1 लाख 86 हजारांहून अधिक जाकिटांचा 639 कोटी रुपयांचा करार केला. त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोने आय. एस. 17051 हे मानक काढलं आणि हत्यारानुसार धोक्याचे सहा स्तर ठरवले. 2024 साली कानपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेने सहाव्या स्तराचं हलकं जाकीट जाहीर केलं, तर दिल्लीच्या आय.आय.टी.बरोबर बनवलेल्या अभेद जाकिटांचं वजन 8.2 ते 9.5 किलोंदरम्यान आलं.

हे वजन शिवकाळच्या चिलखताशी ताडून पाहा. आठ, नऊ, बारा किलो. साडेतीन शतकांत माणसाच्या खांद्याने सोसायचं ओझं जवळजवळ तेच राहिलं, आणि तेवढ्याच ओझ्यात अडवता येणारा आघात शंभर ज्युलपासून दोनतीन हजार ज्युलपर्यंत गेला. शिलेखान्याची खरी प्रगती हीच.

आजची स्थिती आणि राहिलेलं काम

जुना धडा अजून लागू आहे. पिस्तुलाची गोळी थांबवणारी कापडी बंडी चाकूपुढे किंवा बर्फ फोडायच्या टोच्यापुढे दगा देऊ शकते, कारण टोक धाग्यांना बाजूला सारून आत जातं. चाकूसाठी विणीचा घट्टपणा वेगळा लागतो, किंवा पत्रा लागतो, किंवा पुन्हा कड्याच. मांस कापणाऱ्या कारखान्यांत कामगार आज बारीक स्टीलच्या कड्यांचे हातमोजे घालतात, ते शिवकाळच्या चिलखताचेच वंशज. दंगलीत दगड झेलणाऱ्या पोलिसाची पॉलिकार्बोनेटची ढाल आणि जाड फोमची छातीपट्टी गोळीसाठी बनवलेलीच नसते. ती घालून बंदुकीसमोर जाणं म्हणजे ढाल घेऊन तोफेसमोर जाणं.

कापडालाही वय असतं. ऊन, घाम आणि दमट हवा धाग्याचं बळ हळूहळू खातात, म्हणून थर बंद आवरणात शिवतात आणि जाकिटाला वापराची मुदत देतात. अमेरिकेत झायलॉन नावाच्या धाग्याची जाकिटं उष्णता आणि ओलाव्याने कमजोर होतात असं आढळल्यावर 2005 साली त्यांची मान्यता काढून घ्यावी लागली. जाकिटं नवी होती, दिसायला धड होती. कोकणच्या हवेत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. पाटीचं तसंच. ती एकदा जोरात पडली तरी आत बारीक तडा जाऊ शकतो, तो डोळ्यांना दिसत नाही आणि क्ष-किरणात सापडतो. जाकीट गाडीच्या डिकीत फेकणं, उशाला घेणं, त्यावर बसणं, हे सगळं गंजलेल्या रिवेटीइतकंच धोक्याचं आहे.

म्हणून ठाण्याच्या कोठारात किती जाकिटं आहेत एवढं विचारून भागत नाही. प्रत्येकाच्या आत शिवलेल्या पट्टीवर धोक्याचा स्तर, बनावटीचं साल आणि मुदत असते. ती पट्टी ज्याच्या अंगावर जाकीट चढणार त्याला वाचता आली पाहिजे: हे पिस्तुलासाठी आहे की रायफलसाठी, मान आणि कूस किती झाकली जाते, मुदत संपली आहे का, पाटी शेवटची कधी तपासली. महाड आणि पोलादपुरातली अनेक मुलं आज पोलिसात आणि लष्करात जातात. भरतीच्या धावण्याच्या तयारीबरोबर हे चार प्रश्न त्यांना शिकवले आणि उत्तर न देणारं जाकीट बदलून मागायची मुभा दिली, तर शिलेखाना पुन्हा चालू झाला असं म्हणता येईल.